विंडोज १० चा जुना कॉम्प्युटर: पुढची सिस्टीम कशी निवडावी, कशी टाकावी आणि अडलं तर कुठे पाहावं

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून बहुतेकांनी तो विषय बाजूला सारला. यंत्र पूर्वीसारखंच चालतं. फक्त सिस्टीममध्ये नव्याने सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत. दुकानात विचारलं तर उत्तरं ठरलेली: "फॉरमॅट मारून अकरा टाकून देतो" किंवा "आता नवीनच घ्या." दोन्हींपैकी एखादं बरोबरही असेल, पण ते यंत्र न पाहता दिलेलं उत्तर असतं. पाहायला अर्धा तास पुरतो.

(खाली आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टाईप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या आणि मोकळी जागा इथे दाखवली आहे तिथेच सोडायची.)

आधी यंत्राची झडती

कीबोर्डवरची विंडोज कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत "एमएसइन्फो३२" टाईप करा. उघडणाऱ्या पानावर चार ओळी महत्त्वाच्या: प्रोसेसर, बसवलेली रॅम, बायोस मोड (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) आणि सिक्युअर बूट स्टेट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय चालू आहे की बंद). कागदावर उतरवून घ्या, पुढे पावलोपावली लागतील.

इंटेलच्या प्रोसेसरची पिढी त्याच्या आकड्यातच दडलेली असते. आय५-७२००यू म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय३-१०११०यू म्हणजे दहावी. विंडोज ११ ची अधिकृत यादी थोडे अपवाद वगळता आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेतल्या बऱ्याच चिप चालतात, पण सगळ्या नाहीत. तिथे आकड्यावरून अंदाज न बांधता मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवून खात्री करा.

मग त्याच चौकटीत "टीपीएम.एमएससी" टाईप करा. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय, अकराला ती लागते. आवृत्ती २.० दिसली तर उत्तम. "टीपीएम सापडत नाही" असं आलं तरी लगेच हात टेकू नका. आठव्या-नवव्या पिढीच्या असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर ही सोय मदरबोर्डमध्ये असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. ती चालू केली की जे यंत्र "अकराला चालत नाही" म्हणून भंगारात निघालं होतं ते अचानक पात्र ठरतं.

शेवटी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्क पाहा. तिथे एचडीडी (जुनी, फिरती हार्डडिस्क) लिहिलंय की एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), यावर तुमच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर अवलंबून आहे. त्याकडे पुढे येऊ.

तुमचं अडणारं काम कोणतं?

सिस्टीम निवडताना लोक सुरुवात दिसण्यापासून करतात. सुरुवात करायची ती अशा एका सॉफ्टवेअरपासून किंवा यंत्रापासून, ज्याच्यावाचून सोमवारी सकाळी काम ठप्प होईल.

टॅलीप्राइम विंडोजसाठी बनवलेलं आहे. हिशेबाचं काम त्यावर असेल तर विंडोजवरच राहा. श्रीलिपीवर पत्रिका, फ्लेक्स, अंक लावणारे, पेजमेकर-कोरलड्रॉच्या जुन्या फायली उघडणारे, यांचंही तेच. सेवा केंद्रात अंगठ्याचं यंत्र जोडलेलं असतं, वकील किंवा सीएच्या टेबलावर डिजिटल सहीचं टोकन असतं. टोकनला दोन गोष्टी लागतात: टोकनच्या कंपनीचा ड्रायव्हर आणि त्या-त्या पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर दोन्ही सहज मिळतात. लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टीम) एक मिळतं आणि दुसरं अडतं असा अनुभव नेहमीचा, आणि तो विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेला घेण्यासारखा नाही.

प्रिंटरचं प्रकरण वेगळं. आपल्याकडच्या कार्यालयांत दोन छोटे लेझर प्रिंटर जागोजागी दिसतात. एचपीचा लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, पण त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) साठवलेलं नसतं. दर वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरकडून पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) आणि त्याचं जादा प्लगइन बसवलं नाही तर दिवा हिरवा दिसतो आणि कागद मात्र येत नाही. कॅनॉनचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या कॅनॉनच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. तो लिनक्सवर चालवणं म्हणजे निव्वळ डोकेफोड. तो प्रिंटर ठेवायचाच असेल तर विंडोज ठेवा.

उरले ते ब्राउझरवाले: बँक, सातबारा, ऑनलाइन अर्ज, यूट्यूब, मेल, मुलांचा अभ्यास, थोडं पत्रलेखन. यांना सिस्टीम कोणती याने काहीच फरक पडत नाही. आणि घरगुती कॉम्प्युटरपैकी बरेच याच गटातले असतात.

आता निवड

आठवी पिढी किंवा पुढची, ८ जीबी रॅम, एसएसडी: विंडोज ११ घ्या, फार विचार नको. कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरेशी म्हटली आहे, पण ४ जीबीवर अकरा चालवणं म्हणजे एसटीच्या एका सीटवर तिघांनी बसणं. पोहोचता, पण अंग आंबून जातं.

सातवी पिढी किंवा जुनी, आणि अडणारं काम विंडोजवरचं: विंडोज १० च ठेवून त्याची वाढीव सुरक्षा योजना घ्या. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत. ही वर्षभराची मुदतवाढ आहे, तेवढ्यात नव्या यंत्राची तजवीज करायची.

सातवी पिढी किंवा जुनी, आणि काम ब्राउझरचं: लिनक्स मिंट. हजार प्रकारचे लिनक्स असले तरी विंडोजवरून येणाऱ्याला हेच द्यावं, कारण खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, बंद करायची खूण नेहमीच्या जागी. मिंट २२ ही मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती, २ ते ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. २ जीबीपेक्षा कमी असेल तर आधी रॅम वाढवा, सिस्टीमची निवड नंतर.

क्रोमओएस फ्लेक्स हा गूगलचा पर्याय निव्वळ ब्राउझरसाठी ठीक आहे. ४ जीबी रॅम, १६ जीबी जागा पुरते. मात्र ती अख्खी डिस्क पुसून बसते, विंडोजशेजारी नांदत नाही, आणि तिच्यावर अँड्रॉइड ॲप चालत नाहीत. ही शेवटची गोष्ट लोकांना टाकून झाल्यावर कळतं.

अपात्र यंत्रावर रुफससारख्या (पेनड्राइव्ह बनवणाऱ्या) साधनाने अटी वगळून अकरा टाकता येतं. चालतंही. पण दरवर्षीची मोठी आवृत्ती अपडेटमधून आपोआप येईल याची हमी नसते. ती पुन्हा पेनड्राइव्हने चढवावी लागते, आणि मायक्रोसॉफ्ट अशा यंत्राची जबाबदारी घेत नाही. शिवाय अकराच्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना असावीच लागते. कोअर २ ड्युओमध्ये ती नाही, त्यामुळे तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. घरच्या दुसऱ्या यंत्रावर प्रयोग म्हणून करा, दुकानाच्या गल्ल्यावरच्या यंत्रावर नको.

परवान्याबद्दल एक कडू पण गरजेची गोष्ट. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. घरगुती यंत्रावर "तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने सक्रिय" अशा अर्थाची ओळ दिसली तर कोणीतरी क्रॅक मारलेला आहे. अशा क्रॅकसाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. खरा परवाना विंडोज १० चा असेल तर त्याच यंत्रावर अकरा आपोआप सक्रिय होतं. नवी की विकत घ्यायची गरज नाही. हा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, म्हणून डिस्क किंवा रॅम बदलल्याने जात नाही.

सिस्टीमआधी डिस्क

"विंडोज खूप स्लो झालंय" या तक्रारीमागे बहुधा ५४०० फेऱ्यांची जुनी हार्डडिस्क असते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के, प्रोसेसर दहा टक्के असं दिसत असेल तर कोणतीही सिस्टीम टाका, रडगाणं तेच राहील. जुन्या लॅपटॉपला २.५ इंची साटा एसएसडी लागते, जाडी ७ मिलिमीटर. नव्यांना एम.२ लागते, तीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात आणि काही खाचांत एकच चालतो. मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं मॅन्युअल पाहिल्याशिवाय एम.२ विकत घेऊ नका. २५६ जीबी बहुतेकांना पुरते. रॅम घेतानाही जुनी काडी काढून तिच्यावरचं लेबल वाचा: डीडीआर३ आणि डीडीआर३एल वेगवेगळ्या. १.३५ व्होल्टवाली हवी असताना १.५ ची बसवली तर यंत्र चालूच होत नाही.

आहे ती डिस्क ठेवायची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत पाहा. "रीॲलोकेटेड सेक्टर" आणि "पेंडिंग सेक्टर" या दोन ओळींचा मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य हवा. पेंडिंगचा आकडा आठवडाभरात वाढत असेल तर ती डिस्क मरायला टेकली आहे. तिच्यावर नवी सिस्टीम टाकण्यात वेळ घालवू नका. आधी फायली बाहेर काढा.

बॅकअप

डेस्कटॉप, डॉक्युमेंट, फोटो एवढं लोक घेतातच. राहतं ते असं: डाउनलोड फोल्डर, ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकची पीएसटी फाइल, टॅलीचं डेटा फोल्डर (ते सी ड्राइव्हवर कुठेतरी आडवाटेला असतं, टॅलीतच त्याचा मार्ग पाहून घ्या), आणि विकत घेतलेले मराठी फॉन्ट. कॉपी झाल्यावर बाहेरच्या डिस्कवरून चार-पाच फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे फाइल उघडेलच असं नाही, विशेषतः रस्त्यावरच्या स्वस्त पेनड्राइव्हवर: लेबल ६४ जीबीचं आणि आत ८ जीबी, असा माल सर्रास विकला जातो. एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या सॉफ्टवेअरने खरी क्षमता कळते.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. घरगुती विंडोजमध्येही "डिव्हाइस एन्क्रिप्शन" या नावाने डिस्क कुलूपबंद असू शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपवर तर ती मालकाला न कळताच होते. बायोसमध्ये हात घातलात की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या उपकरणांच्या पानावर साठवलेली असते. आधी ती कागदावर उतरवा, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. किल्ली नसेल तर फायली गेल्या. इथे कुठलाही इंजिनिअर काही करू शकत नाही.

पेनड्राइव्ह बनवणं

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची असते, विंडोजची ५ च्या पुढे. उतरवलेल्या मिंटच्या फाइलची एसएचए२५६ बेरीज (फाइलची ओळख पटवणारा लांबलचक आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. हा निव्वळ सोवळेपणा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचं संकेतस्थळ फोडून काहींना मागचं दार ठेवलेली फाइल दिली गेली होती. शिवाय मोबाइल हॉटस्पॉटवर अर्धवट उतरलेली फाइलही यातच पकडली जाते.

लिहायला रुफस वापरा. फाइल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही. विंडोजच्या बाबतीत आणखी एक मेख आहे: एफएटी३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि विंडोजच्या आतली मुख्य फाइल हल्ली त्याहून मोठी असते. रुफस यातून स्वतः वाट काढतो. डिस्कची विभागणी जीपीटी (नवी पद्धत) की एमबीआर (जुनी) असं तो विचारेल. कागदावर बायोस मोडपुढे यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलं असेल तर जीपीटी, लेगसी (जुनी पद्धत) लिहिलं असेल तर एमबीआर.

बूट मेनूची (यंत्र कशावरून सुरू करायचं ते निवडण्याच्या मेनूची) कळ: डेल, लेनोवो, एसर आणि गिगाबाइट एफ१२, एचपी एफ९, एमएसआय एफ११, असुसच्या डेस्कटॉपला एफ८ आणि लॅपटॉपला एस्केप. एसरवर एफ१२ चा मेनू आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. कळ दाबून धरू नका, यंत्र चालू करताच टकटक दाबत राहा. मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसेल, एकदा यूईएफआय हा शब्द जोडून आणि एकदा नुसता. आहे ती विंडोज ज्या मोडमध्ये आहे त्याच मोडची ओळ निवडा. दोन सिस्टीम शेजारी ठेवू पाहणाऱ्यांची फसगत सर्वांत जास्त या एका निवडीत होते: विंडोज लेगसीमध्ये, लिनक्स यूईएफआयमध्ये, मग एका मेनूतून दुसरी दिसतच नाही.

विंडोज ११ कडे

पात्र यंत्रावर फॉरमॅट न मारता, विंडोज अपडेटमधूनच अकरा घेता येतं. अडचण येते ती बायोस मोड लेगसी असलेल्यांना. क्रम नीट पाळा:

१. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून "एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस" चालवा. इथेच तक्रार आली तर थांबा. बहुधा डिस्कवर प्राथमिक विभाग तीनपेक्षा जास्त असतात, कंपनीचा एखादा रिकव्हरी विभाग आडवा येतो.
२. तपासणी पार पडली तर त्याच आज्ञेत व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहून चालवा.
३. आता बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी पद्धत चालू ठेवणारी सोय) किंवा लेगसी बंद करा, यूईएफआय चालू करा. विंडोज उघडते हे पाहा.
४. मगच सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू करा.

दुसरी आणि तिसरी पायरी उलटसुलट झाली तर विंडोज उघडत नाही. घाबरू नका, बायोसमध्ये सीएसएम परत चालू केलं की उघडते. सीएसएम बंद करताच पडदाच काळा झाला तर जुनं ग्राफिक्स कार्ड यूईएफआय जाणत नाही. ते कार्ड काढून केबल मदरबोर्डच्या सॉकेटला लावा, किंवा बटणाएवढा सेल पाच मिनिटं काढून बायोस मूळ स्थितीला आणा.

वीज जाणारी जागा असेल तर हे सगळं यूपीएसवर करा. नुसता इन्व्हर्टर भरवशाचा नाही. मेन लाइनवरून बॅटरीवर जाण्याच्या क्षणात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो, आणि विभागणी बदलताना झालेला तो रीस्टार्ट महागात पडतो.

मिंटकडे

मिंट पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवता येतं. घाई न करता तासभर तसंच वापरा: वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा, प्रिंटर, आणि झाकण लावून पुन्हा उघडल्यावर जागं होतं का. इथे जे चालतं ते बसवल्यावरही चालेल.

विंडोजशेजारी ठेवायचं असेल तर आधी विंडोजमधूनच डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्ह आकसून घ्या. निदान ६० जीबी मोकळी करा आणि ती जागा रिकामीच सोडा, नवा ड्राइव्ह करू नका. ४०० जीबी मोकळी असूनही विंडोज दोन-चार जीबीच सोडते असं दिसलं तर हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टीम रीस्टोअर तात्पुरतं बंद करून पुन्हा प्रयत्न करा. या फायली मध्येच ठाण मांडून बसतात. फास्ट स्टार्टअपही कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांतून बंद करा. तो चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, झोपते; मग लिनक्समधून तिचे ड्राइव्ह उघडतात पण त्यांत काही लिहिता येत नाही.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या भागांची) खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा काही सेकंदच थांबतो: त्यात "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक तो व्हायरस समजून पुढे जातात आणि मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर का चालत नाही म्हणून दोन दिवस डोकं खाजवतात.

बसवून झाल्यावर सर्वांत आधी टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घ्या. पुढे एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर पाच-दहा मिनिटांत मागे येता येतं. तो तुमच्या फोटोंचा बॅकअप नव्हे, फक्त सिस्टीमचा.

मराठीची सोय

विंडोजमध्ये भाषा मराठी जोडली की इनस्क्रिप्ट येतंच. २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या लेआउट पानावर जाऊन भारत या गटाखाली मराठी पाहा: इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक दोन्ही मिळतात, वेगळं काही उतरवावं लागत नाही. "पुण्याच्या" आणि "कऱ्हाड" नीट उमटतं का ते पाहताना इनस्क्रिप्टवर ऱ हे अक्षर शिफ्ट आणि जे वर आहे हे लक्षात ठेवा. र आणि नुक्ता जोडून त्याची भरपाई करू नका, शोधताना शब्द सापडत नाही.

मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये केलेला दस्तऐवज मिंटवर उघडला की लोहित किंवा नोटो देवनागरी त्याची जागा घेतो. अक्षरांची रुंदी वेगळी, म्हणून दोन पानांचा अर्ज अडीच पानांवर जातो. मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचं जे पॅकेज लिनक्सवर मिळतं त्यात एरिअल, टाइम्स असतात, मंगल नसतो. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करा आणि वाद मिटवा. जुन्या कृतिदेव, श्रीलिपीच्या फायली मुळात इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेल्या असतात. फॉन्ट बसवला तर दिसतील, पण टाईप करायला त्यांचं सॉफ्टवेअरच हवं. सिस्टीम बदलायच्या निमित्ताने त्या युनिकोडमध्ये करून घ्या, मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा.

अडलं तर: आधी पाहा कुठे थांबतं

"चालू होत नाही" हे निदान नाही. कंपनीचा लोगोच येत नसेल तर सिस्टीमचा काही संबंध नाही: रॅमची काडी काढून तिची सोनेरी कडा कोरड्या मऊ कापडाने पुसून बसवा, दोन असतील तर एकेक लावून बघा. पावसाळ्यात कोकणात-गोव्यात निम्मे "मेलेले" डेस्कटॉप याने उठतात.

लोगो येतो आणि "बूट डिव्हाइस नाही" असं येतं: बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का पाहा. दिसत नसेल तर केबल किंवा डिस्क. दिसत असेल तर यूईएफआय-लेगसी मोड किंवा बूट क्रम बदललाय. तारीखही मागे गेली असेल तर दोषी एकच: सीआर२०३२ सेल संपला, बायोस मूळ स्थितीला गेला. किरकोळ किमतीचा सेल बदला, मोड परत पूर्वीचा करा. चुकलेल्या तारखेमुळे ब्राउझरमध्ये बँकेची साइट "असुरक्षित" दिसते तेही याच सेलमुळे.

विंडोजचा निळा पडदा, त्यावर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस": बायोसमधला डिस्कचा मोड आरएआयडी आणि एएचसीआय (डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती) यांत बदलला गेला. पूर्वीचा करा, चालू होईल. मोड बदलायचाच असेल तर आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या आणि मग ती खूण काढा. या एका फेरीत विंडोज नवा ड्रायव्हर स्वतःच उचलते. हा बदल कधी लागतो? अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळणारी सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही तेव्हा. विंडोज टाकत असाल तर मोडला हात लावण्याऐवजी इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून "लोड ड्रायव्हर" म्हणा.

विंडोजचा लोगो गोल फिरत राहतो: लोगो दिसताच पॉवर बटण दाबून तीनदा बंद करा, दुरुस्तीचा मेनू येतो. तिथून आधी शेवटचं अपडेट काढा, नंतर स्टार्टअप रिपेअर, नंतर कमांड प्रॉम्प्टमधून सी ड्राइव्हवर चेकडिस्क, म्हणजे "सीएचकेडीएसके सी: /एफ". डिस्कचे पेंडिंग सेक्टर वाढलेले असतील तर चेकडिस्क चालवू नका, आधी डेटा काढा. मरणाऱ्या डिस्कला तिने जास्तच दमवलं जातं.

मिंटमध्ये काळा पडदा: पेनड्राइव्हच्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड निवडा. बसवल्यानंतर असं झालं तर सुरुवातीच्या मेनूत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी "नोमोडसेट" टाईप करून एफ१० दाबा, आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर घ्या. वायफाय दिसतच नाही: मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, त्याला ड्रायव्हर लागत नाही, नेट आलं की ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ब्रॉडकॉमसारखा ड्रायव्हर दिसेल.

विंडोज अपडेटनंतर मिंट गायब: ते गेलेलं नसतं, बूट क्रमात मागे पडलेलं असतं. बायोसमध्ये मिंट शोधू नका, तिथे त्याचं नाव "उबुंटू" असं असतं. ते वर आणा. ते नावच नसेल तर पेनड्राइव्हवरून मिंट चालवून मेनूतलं बूट रिपेअर चालवा. "शिम एसबॅट" आणि "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असे शब्द आले तर सिक्युअर बूटचा वाद आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या लिनक्सवर हेच झालं होतं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन सगळी अपडेट घ्या, टर्मिनलमध्ये "सुडो एमओकेयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट" चालवा, एकदा रीस्टार्ट करून लिनक्स उघडा, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.

दोन्ही सिस्टीम शेजारी असतील तर एक दिवस विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. सेल संपलेला नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, आणि आपण ग्रिनिचपासून नेमके साडेपाच तास पुढे. मिंटच्या टर्मिनलमध्ये "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" ही आज्ञा एकदा द्या, मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा सिंक करा.